शिंपल्यांचं माहेरपण

"जिंदा चाहिए, जिंदा! कितनी बार बोलूँ?"

"अरे साहब, जिंदा सितुही का करोगे क्या? आम तो मरी हुई से भी छिल जाता है!"

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर हे भांडण चाललं होतं, आणि चार पायऱ्या वर प्रभावतीकाकू लुगडं पिळत बसल्या होत्या. लुगड्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं, पण भांडण संपेना म्हणून त्या पिळतच राहिल्या. एका बाजूला बचऊ मल्लाह, आपल्या होडीत पाय सोडून बसलेला, तोंडात पान. दुसऱ्या बाजूला पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले, चष्मा घामाने नाकावर घसरलेले एक साहेब. थंडीत घाम म्हणजे कमालच. साहेबांना गंगेतले जिवंत शिंपले हवे होते. आता बनारसच्या प्रत्येक घरात शिंपला असतो, त्याला तिथे सितुही म्हणतात. दगडावर घासून त्याला मधे भोक पाडायचं आणि त्या धारेने कैऱ्या सोलायच्या. पण तो रिकामा शिंपला. आतल्या जिवासकट शिंपला मागणारा माणूस बचऊने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"खाओगे?" बचऊने शेवटी आवाज खाली आणून विचारलं. "खाना हो तो बोल दो, हम किसी को नहीं बताएँगे."

साहेबांनी आकाशाकडे बघून कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "काय माणूस आहे! याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोलावं."

प्रभावतीकाकूंना हसू आलं. साहेबांनी दचकून वर पाहिलं.

"आपण मराठी?"

"अहो, या घाटाचे दगडसुद्धा मराठी आहेत," काकू म्हणाल्या. "आणि बचऊचं काही चुकलं नाही. शिंपल्या कशाला हव्यात ते तुम्ही सांगितलंच नाही त्याला. नुसते जिंदा जिंदा ओरडताय."

तर ही काकूंची आणि प्रोफेसर रत्नाकररावांची पहिली भेट. या भेटीतून काकूंना अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, घराबाहेरचं काम मिळालं.

काकू मूळच्या वाईच्या. चौथी झाली आणि शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न होऊन काशीला आल्या. मंगला गौरीच्या गल्लीत घर. यजमान विश्वेश्वरशास्त्री वेदपाठशाळेत शिकवत. ते जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा बँकेत, सून लतिका घरात. काकूंचं रोजचं गंगास्नान मात्र बेचाळीस वर्षांत बाळंतपण आणि सोयर-सुतक सोडून चुकलं नव्हतं. पाणी आज कितव्या पायरीला आहे, धार कुठून कुठे सरकली, पुराआधी गढूळपणा कधी येतो, हे सगळं त्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळे.

रत्नाकररावांनी मग घाटावर बसून नीट समजावलं. शिंपली गाळणीसारखी असते. दिवसभर पाणी आत ओढते, गाळते, बाहेर सोडते. पाण्यात जे काही विषारी असेल, तांबं, शिसं, मुलाम्याच्या कामातली द्रव्यं, ते तिच्या अंगात साचत जातं. बाटलीत भरलेलं पाणी त्या एका क्षणापुरतं सांगतं. शिंपली महिनाभराचं सांगते.

"कळलं," काकू म्हणाल्या. "पाहुण्याला घराचा एक दिवस कळतो, आणि सुनेला महिना."

रत्नाकरराव पंचवीस वर्षं शिकवत होते, पण असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पुढे वर्गात सांगू लागले म्हणे, आपलंच म्हणून.

बेत असा होता. शिंपल्यांच्या दोन जाळीच्या पेट्या करायच्या. एक पैलतीरी, रेतीजवळच्या वाहत्या पाण्यात. दुसरी अलीकडे, घाटाच्या खालच्या अंगाला जिथे शहराचा एक नाला गंगेत पडतो तिथे. नाल्याला मागच्या गल्ल्यांतल्या भांडी चमकवण्याच्या आणि मुलामा देण्याच्या कारखान्यांचं पाणी मिळत होतं. दर सोमवारी दोन्ही पेट्या वर काढून मेलेल्या किती ते मोजायचं, जाळी घासायची, पुन्हा सोडायची. महिन्यातून एकदा रत्नाकररावांची विद्यार्थिनी येऊन दोन्हीकडच्या पाच-पाच शिंपल्या तपासायला नेणार. पण पेटी घाटावर राहायची म्हणजे कुणीतरी डोळा ठेवणारं हवं.

"माताजी को रख लो," बचऊने बसल्या जागेवरून पिंक टाकत सांगितलं. "घाट पर कौन छींका, ये भी इनको पता रहता है."

काकूंनी दोन अटी घातल्या. शिंपलीला हात लावायचा तो आंघोळीआधी, पारोशाने. आंघोळ झाल्यावर ब्रह्मदेव आला तरी नाही. आणि शिंपल्यांचं सामान घरात येणार नाही. दुसरी अट आठवड्याभरातच मोडली, कारण घासायचा ब्रश घाटावरून दोनदा चोरीला गेला. तेव्हापासून तो ब्रश जिन्याखाली, विटाळशीच्या जागी राहू लागला आणि लतिका येताजाता त्याला वळसा घालू लागली.

"सासूबाई, बँकेतल्या लोकांना मी काय सांगू? आमच्या सासूबाई शिंपल्या घासतात?"

"सांग की युनिव्हर्सिटीत आहेत."

"हाय राम," लतिका म्हणाली. तिचं माहेर इथलंच, घासीटोल्याचं, त्यामुळे घाबरली की ती हिंदीत घाबरे.

विद्यार्थिनी आली ती हिमानी. रेल्वे कॉलनीत वाढलेली, चोवीस वर्षांची, बारीक, मोठ्या घड्याळाची. तिचं मराठी घरापुरतं, आणि तेही अर्धं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी आहे ना. सगळं सेट होऊन जाईल." काकूंना 'सेट' म्हणजे काय ते कळलं नाही, पण पोरगी आवडली. पाच शिंपल्या डब्यात ठेवताना काकूंनी विचारलं, "यांना कुठे नेतेस?"

हिमानीने एकदा काकूंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं आणि म्हणाली, "युनिव्हर्सिटीत टँक आहे ना काकू. तलावासारखा. तपासून मग तिथेच सोडतो."

"बरं झालं," काकू म्हणाल्या.

तिथी लिहायला हिमानीने एक वही दिली होती. काकूंच्या अक्षरात काना वेलांटीच्या डोक्यावर जाऊन बसे, पण नेम चुकला नाही. 'माघ शु. ९. रेती, मेल्या नाहीत. नाला, दोन मेल्या.' वही काकूंकडेच राही. हिमानी आली की तोंडी विचारी, "किती गेल्या?" काकू वाचून दाखवत, हिमानी आपल्या कागदावर इंग्रजीत तारखेसह उतरवून घेई. त्या वहीत आणखी काय लिहिलंय हे कुणी कधी पाहिलं नाही.

आता खरी गोष्ट अशी की दोन महिन्यांत काकूंना शिंपल्यांचे स्वभाव कळू लागले. रेतीकडची पेटी वर काढली की त्या कशा ऐसपैस, तोंड उघडून, मऊ पाय बाहेर टाकून पसरलेल्या. दुपारी जेवण झाल्यावर माजघरात लवंडलेल्या बायकांसारख्या. आणि नाल्याकडच्या? सगळ्या तोंड मिटून, दात आवळून बसलेल्या. हात लावला तरी हूं की चूं नाही. दर सोमवारी एखाद-दुसरी आ वासून गेलेली. नाल्याचा वास असा की बचऊ नाकाला गमछा बांधी, आणि या गड्याचा जन्मच घाटावरचा.

"बोलत नाहीत," काकू म्हणायच्या. "सगळं पोटात घालतात."

पेटी पुन्हा त्या पाण्यात सोडताना त्यांचा हात जड होई. पण काम ते काम.

मग चैत्र आला. लतिकाने गौर घासून लखलखीत केली आणि तृतीयेला पितळेच्या झोपाळ्यावर बसवली. तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर गौर माहेरी. तिला कैरीची डाळ, पन्हं, कलिंगड, आणि काम एकच, झोके घेणं. त्या दिवशी सोमवार होता. काकू पहाटे पारोशानेच घाटावर गेल्या, नाल्याची पेटी वर काढली, तर तीन मेल्या होत्या. बाकीच्या तशाच, ओठ आवळून.

काकूंनी पेटी पाण्यात सोडली नाही. होडीत ठेवली.

"चल, पार ने."

बचऊने वल्ही उचलली नाहीत. "माताजी, ये तो नाले वाली हैं."

"मला दिसतंय. मायके जाणार आहेत."

"सितुही का मायका?"

"मग काय आभाळातून पडल्या? तूच आणल्यास ना रेतीकडून? चल."

बचऊच्या स्वतःच्या दोन मुली गाजीपूरकडे दिलेल्या होत्या. त्याने वल्ही उचलली.

म्हणजे त्यातल्या एकीचंही नुकसान व्हावं असं काकूंच्या मनात नव्हतं, आणि हिमानीचं तर नव्हतंच. त्यांचा हिशोब सोपा होता. सून सासरी असते म्हणून तिला माहेर नको असं कुठे आहे? चार दिवस जाऊन आली तर ती पुन्हा सासरचीच. तपासणीच्या आधी परत आणून ठेवू, की झालं. वहीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंसुद्धा, 'चैत्र शु. ३. नाला, माहेरी पाठवल्या.' आणि तीन आठवड्यांनी, 'चैत्र व. १०. परत आणल्या. रडल्या नाहीत.'

दुसऱ्या दिवशी हिमानी आली. नाल्याच्या पेटीतल्या पाच उचलताना म्हणाली, "काकू, आज तर या एकदम हेल्दी दिसतायत!"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि नदीकडे बघितलं.

वैशाख संपत आला तेव्हा एका दुपारी हिमानी घरी आली. घड्याळ नव्हतं हातात, आणि चेहरा असा, की लतिकाने पाणी विचारायच्या आधीच गुळाचा खडा पुढे केला. हिमानीने गूळ हातात धरला आणि रडायला लागली.

झालं होतं ते असं. पौष, माघ, फाल्गुन, नाल्याच्या शिंपल्यांमध्ये तांबं-शिसं चढत गेलं होतं, जसं जायला हवं तसं. आणि चैत्रात एकदम निम्म्यावर. नाला काही सुधारलेला नव्हता, उलट उन्हाळ्यात पाणी कमी होऊन आणखी घाण झाला होता. मग शिंपल्या कशा सुधारल्या? विभागात कुजबुज सुरू झाली, की मुलीला नाल्याशी जायचा कंटाळा, नाकाला रुमाल लावून कोण उभं राहणार, म्हणून हिने दोन्हीकडच्या म्हणून रेतीकडच्याच नेल्या. रत्नाकररावांनीसुद्धा विचारलं, "हिमानी, खरं काय ते सांग." ते विचारणं तिला सगळ्यात लागलं. शुक्रवारी समिती बसणार होती. खोटे आकडे दिले असं ठरलं तर नाव कटणार, शिष्यवृत्ती बंद, तीन वर्षं पाण्यात.

"काकू, मी नाल्यावरच्याच नेल्या होत्या ना? तुमच्या समोर?"

"नाल्यावरच्याच," काकू म्हणाल्या.

हे खरं होतं. पुढचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. लतिका समोर उभी, पोरगी रडतेय, आणि आपण इतकी मोठी बाई. त्यांनी हिमानीला जेवायला बसवलं, दोन पोळ्या जास्त वाढल्या. पोळ्या वाढून काही होत नाही हे त्यांना कळत होतं, तरी वाढल्या.

ती गेल्यावर काकू जपाला बसल्या आणि माळ तीन वेळा मेरुमण्यावरून तशीच पुढे गेली. चौथ्यांदा त्यांनी माळ गोमुखीत ठेवून दिली.

"लतिका, शुक्रवारी मला युनिव्हर्सिटीत जायचंय."

"कशाला?"

"गुन्हा कबूल करायला."

"हाय राम," लतिका म्हणाली. मग सगळं ऐकल्यावर ती हसत सुटली, इतकी की भिंतीला टेकली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "मला पाठवलंत का कधी वीस दिवस?"

"तुझं माहेर घासीटोल्यात आहे. रोज भाजीला जाताना जाऊन येतेस."

"तरी पण," लतिका म्हणाली.

शुक्रवारी काकू आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, वही पिशवीत घालून निघाल्या. बचऊ बरोबर होता, धुतलेल्या कुर्त्यात. नदी सोडून त्याला कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे गल्लीतले लोक वळून बघत होते. गोदौलियाहून रिक्षा केली. युनिव्हर्सिटी एवढी मोठी असेल असं काकूंना वाटलं नव्हतं; आत शिरल्यावरही रिक्षा चालतच राहिली तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "पुढचं गाव आलं की काय?"

समितीच्या खोलीत तिघे होते. रत्नाकरराव, एक कोणी बाहेरून आलेले साहेब, ते फारसं बोलले नाहीत, आणि त्रिपाठीजी. त्रिपाठीजी रसायनवाले, कपाळावर गंध, समोर जाडजूड फाईल. हिमानी बाहेर बाकावर बसली होती. काकूंना बघून ती उठली. "काकू, तुम्ही इथे?"

"बस तू," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. बचऊ दारात थांबला. बस म्हटलं तरी बसला नाही.

काकूंनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच सांगितलं, आपल्या काशीच्या हिंदीत, जिथे हिंदी संपली तिथे मराठीत. मुलीचा दोष नाही. पेटी मी हलवली. तृतीयेला पार नेली, दशमीला परत आणली. वही बघा.

रत्नाकररावांनी वही बघितली, पुन्हा बघितली. "माहेरी पाठवल्या?"

"गौर नव्हती का माहेरी?"

बाहेरच्या साहेबांना हे हिंदीत समजावताना रत्नाकररावांचे कान लाल झाले. त्रिपाठीजींनी मात्र वही आपल्याकडे ओढली, बॅगेतून पंचांग काढलं आणि चष्मा पुसला. ते बोटाने ओळी लावू लागले. शुद्ध तृतीया, एप्रिलचा पहिला आठवडा. ठीक. मग मागे पानं उलटली. कृष्ण दशमी. बोट थांबलं.

"माताजी," ते फार गोडीने म्हणाले, "चैत्र कृष्ण दशमी तो मार्च में पड़ी थी. होली के बाद. आपने तो इनको विदा करने से पहले ही वापस बुला लिया!"

बाहेरचे साहेब हसले. रत्नाकरराव वहीकडे बघत राहिले. त्यांना तिथी फक्त ताटात साबुदाण्याची खिचडी आली म्हणजेच कळे, त्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता.

"लड़की को बचाना चाहती हैं, भावना अच्छी है," त्रिपाठीजी वही मिटत म्हणाले. "लेकिन कहानी ज़रा ठीक से बनानी थी."

"कहानी नहीं है, साहब," दारातून बचऊ बोलला आणि बोटाच्या पेरावर बाळकैरीचं माप दाखवलं. "जब ले गए तब आम में टिकोरा था, इत्ता सा. जब लाए तब गुठली कड़ी हो गई थी. पहले टिकोरा होता है कि पहले गुठली?"

"आप चुप रहिए."

काकूंना खोटं पाडलेलं सोसत नसे. शास्त्रीबुवांनी एकदा, फक्त एकदा, पाडलं होतं, तर तीन दिवस घरात अळणी आमटी झाली होती. त्या टेबलाजवळ गेल्या. "वरूथिनी एकादशी कधी होती ते बघा. मी दशमीला आणल्या, कारण दुसऱ्या दिवशी माझा उपास आणि ही पोरगी येणार."

त्रिपाठीजींनी नाइलाजाने पुन्हा पानं पुढे उलटली. "वरूथिनी... ये रही. अप्रैल का आख़िरी हफ़्ता. लेकिन ये तो वैशाख है."

"तुमचा वैशाख. आमचा चैत्र."

"चैत्र तो पूनम को समाप्त."

"तुमचा पौर्णिमेला संपतो. आमचा अमावास्येला." काकूंचा आवाज चढला. "बेचाळीस वर्षं एका गल्लीत राहतोय. होळी झाली की पंधरा दिवस शेजारणीचा चैत्र आणि माझा फाल्गुन. आमचं तेवढ्यावरून कधी अडलं नाही, हळदीकुंकवाला दोघी येतो. मला वाटलं शिकलेल्या माणसांना माहीत असेल."

त्रिपाठीजींनी पंचांगातली दशमी बोटाने धरली, मग फाईलमधली हिमानीची तारीख बघितली. लागून दुसराच दिवस. मग ते एकदम हसले, मोठ्याने, पोट हलेपर्यंत. "दक्खिन का पतरा, दक्खिन का पंचांग! अरे, हमारे ससुरजी के किरायेदार भी यही करते थे. हमने सोचा वो हिसाब में कच्चे हैं."

आता बाहेरचे साहेब पहिल्यांदा बोलले. त्यांना आकडे आवडले होते असं दिसलं. मुलीने रेतीच्या शिंपल्या नेल्या असत्या तर आकडे रेतीइतके उतरले असते. हे तर धड नाल्याचे नाहीत, धड रेतीचे नाहीत, मधेच. वीस दिवस स्वच्छ पाण्यात राहिल्यावर जसं हळूहळू उतरावं तसं. "ये तो अपने आप में एक परीक्षण हो गया," ते म्हणाले. मग त्यांनी रत्नाकररावांना विचारलं, "पाँचों को काट के सुखाया था न? पीस के?"

"हाँ, हमेशा की तरह."

"काट के?" काकू म्हणाल्या.

रत्नाकररावांनी चष्मा काढला. काकूंनी आळीपाळीने तिघांकडे बघितलं, मग दाराकडे. मग त्या खुर्चीवर बसल्या.

निकाल असा झाला. हिमानीवर ठपका नाही. पण चैत्राचे आकडे धरता येणार नाहीत. नाल्याचा पुरा उन्हाळा पुन्हा मोजायचा, पुढच्या वर्षी, म्हणजे प्रबंध वर्षभर लांबला. आणि हिमानीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं होतं ते पुढे गेलं. तिच्या आईने काकूंचं नाव घेऊन काय काय म्हटलं ते हिमानीने सांगितलं नाही, पण त्यानंतर रेल्वे कॉलनीतून काकूंना संक्रांतीचा तिळगूळ आला नाही.

त्या दिवशी निकाल ऐकून दोघी बाहेरच्या बाकावर चहाचे कुल्हड घेऊन बसल्या होत्या. बचऊ आपलं कुल्हड लांब उभा राहून पीत होता.

"टँक नाहीच का तुमच्याकडे?" काकूंनी विचारलं.

"आहे काकू. पण... त्यात मासे आहेत."

"मग मला तलाव कशाला सांगितलास?"

"तुम्ही मग दिल्याच नसत्या."

काकूंनी यावर बराच वेळ चहा फुंकला. चहा गार झाला होता. "नसत्या दिल्या," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मग ते नाल्याचं कुणाला कळलं असतं?"

"किसीको नहीं."

"हूं."

रत्नाकररावांना वाटलं आता काकू काम सोडतील. त्यांनी एक माणूस बघून ठेवला होता. तो नाल्यापाशी एकदाच गेला आणि नंतर त्याला दुसरीकडे नोकरी लागली. सोमवारी सकाळी काकू जिन्याखालून ब्रश घेऊन उतरल्या. बचऊने होडी नाल्याकडे वळवली.

काकूंनी त्यानंतर एकही शिंपली हलवली नाही. पुढच्या वर्षी चैत्र आला, लतिकाने गौर झोपाळ्यावर बसवली, आणि काकू पहाटे नाल्याची पेटी वर काढून बघत राहिल्या. चार मेल्या होत्या. पार रेती उन्हात पांढरी दिसत होती, वल्ह्याच्या पन्नास हातांवर. बचऊने वल्ही हातात धरूनच ठेवली होती.

"माताजी?"

"गप बस," काकू म्हणाल्या आणि जाळी घासायला लागल्या. नेहमीपेक्षा जास्त घासली. जाळीत अडकलेला चिखल नखांनी काढला. आत थोडंतरी बरं पाणी जावं. तेवढं करायला कुठल्या समितीची मनाई नव्हती.

वैशाखात शेवटच्या पाच न्यायच्या होत्या. हिमानी आली, आता तिच्या घड्याळाचा पट्टा नवा होता. आतापर्यंतचे आकडे चढलेले होते, नाला जसा आहे तसा त्यात उतरला होता, आणि प्रबंध बांधायला जायचा बाकी होता. म्हणजे हे काम आज संपणार हे दोघींनाही माहीत होतं.

काकूंनी दोर ओढला. पेटी वर आली. त्यांनी झाकण उघडलं, मेलेल्या दोन बाजूला काढल्या, त्यांची टरफलं जुळवून पाण्यात सोडली. उरलेल्या मोजल्या, बारा. त्यातल्या पाच, आवळून बसलेल्या, एकेक करून हिमानीच्या डब्यात ठेवल्या. एकीला ठेवताना जरा थांबल्या, तिच्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि तीही ठेवली.

"झाकण नीट लाव. मागच्या खेपेला रिक्षात सांडलं होतंस."

"हो काकू."

"आणि वाटेत काहीतरी खा. तोंड बघ."

मग त्यांनी जाळी घासली, दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यांतून. उरलेल्या सातांसकट पेटी पुन्हा पाण्यात सोडली आणि ब्रश झटकला. वहीत तिथी लिहिली, खाली मेल्या दोन, नेल्या पाच. बचऊने होडी बालाजी घाटाला लावली. काकू पायरीवर उतरल्या, ब्रश आणि वही कोरड्या दगडावर ठेवली, आणि आंघोळीसाठी पाण्यात शिरल्या.